रिकव्हरीतून निघालेल्या तीन लाख बिननावाच्या फाईली: ओळखीच्या तेवढ्या कशा वगळायच्या?

अर्धविराम (धागाकर्ती) | शनिवार, दुपारी ३:१०

मंडळी, आधी कबुलीजबाब. जुन्या मशिनची ३२० जीबीची डिस्क ‘रिकामीच आहे’ असं समजून मी फॉरमॅट केली आणि वर नवी विंडोजही चढवली. ती रिकामी नव्हती. तिच्यात माझं नऊ वर्षांचं भाषांतराचं काम होतं. बॅकअपबद्दल कृपया कुणी विचारू नये.

चूक कळल्यावर डिस्क लगेच काढली, तिची इमेज (हुबेहूब प्रत) घेतली आणि त्या इमेजवर फोटोरेक हे हरवलेल्या फाईली शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्याने इमानेइतबारे ३,१२,४८० फाईली बाहेर काढल्या. पण जुनी फाईलसिस्टमच गेलेली, त्यामुळे नाव नाही, फोल्डर नाही, तारीख नाही. एका फोल्डरात पाचशे याप्रमाणे ६२५ फोल्डर, आणि आत ‘एफ’पुढे नुसते आकडे. डीएलएल, आयकॉन, हेल्पची पानं, फॉन्ट, कुठल्या तरी प्रिंटर ड्रायव्हरबरोबर आलेल्या पीडीएफ, आणि या सगळ्या गर्दीत कुठेतरी माझी कागदपत्रं.

विंडोजच्या, ऑफिसच्या, ड्रायव्हरांच्या अशा जगजाहीर फाईली आपोआप ओळखून बाजूला काढता येतात का? हॅशवरून, म्हणजे फाईलवरून गणिताने काढलेल्या छोट्या ठशावरून, जमतं असं ऐकून आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा. ‘एकेक उघडून बघा’ म्हणणाऱ्यांसाठी: फाईलमागे पाच सेकंद धरले तरी ४३४ तास होतात, हिशेब करून झालाय.

चष्मिष्ट | शनिवार, दुपारी ४:०२

जमतं. आमच्याकडे तपासाला आलेल्या प्रत्येक डिस्कवर पहिलं काम हेच.

हॅश फक्त फाईलच्या आतल्या बाइटांवरून निघतो. नाव, तारीख, फोल्डर यांचा त्यात काहीही वाटा नसतो. म्हणजे तुमचं जे हरवलंय ते इथे लागतच नाही. एखाद्या डीएलएलचं नाव गेलं, तिला फोटोरेकने भलतंच बारसं करून दिलं, तरी आतले बाइट तेच असतील तर हॅश तोच.

आता जुळवायचं कशाशी? अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची ‘नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी’ आहे. हे लोक सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती, म्हणजे पूर्वीच्या फ्लॉपी आणि सीडी, आता डाउनलोड, जमवतात, त्यांच्यातली कॅब-झिप सगळी उलगडतात आणि आतल्या प्रत्येक फाईलचे हॅश काढून यादी प्रसिद्ध करतात. यादीला ‘आरडीएस’ म्हणतात. दर तिमाहीला नवी येते आणि फुकट आहे. फाईली मात्र देत नाहीत, त्या ज्याच्या त्याच्या मालकीच्या. नोंदीत मिळतं ते एवढंच: एमडी५, एसएचए-१, सीआरसी३२, नव्या आवृत्तीत एसएचए-२५६ही (हे सगळे ठसा काढण्याचे निरनिराळे प्रकार), फाईलचं नाव, आकार आणि ती कुठल्या प्रॉडक्टमध्ये सापडली.

या यादीशी जुळलेल्या फाईली काढून टाकण्याला आमच्यात ‘डी-निस्टिंग’ म्हणतात. क्रियापदच झालंय. ‘डिस्क डी-निस्ट केलीस का?’

तुमच्यासाठी क्रम सांगतो. सगळ्या फाईलींवर एकदाच फिरा आणि एमडी५, एसएचए-१, एसएचए-२५६ तिन्ही एका दमात काढा. हॅशडीप हे करतं. वेळ जातो तो डिस्क वाचण्यात, गणितात नाही, म्हणून तीन काढले तरी फार फरक पडत नाही. मग आधी आपापसातल्या जुळ्या उडवा. एकाच डीएलएलच्या आठ-दहा प्रती निघतात बघा. त्यानंतर आरडीएसशी ताडा. नवी आरडीएस एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये येते, तेव्हा तुमचे हॅशही एका टेबलात घाला आणि सरळ जॉइन मारा, म्हणजे दोन्हीकडे असलेले हॅश निघतील. मशिन जुनं होतं म्हणता, म्हणून आधुनिक संचाबरोबर जुन्या सॉफ्टवेअरचा वेगळा संचही उतरवून घ्या. अँड्रॉइड आणि आयओएसचे संच तुम्हाला नकोत.

आणि दोन सूचना. जुळलेली फाईल डिलीट करू नका, दुसऱ्या फोल्डरात हलवा. झिप सापडल्या तर त्या उघडून आतल्या फाईलींचेही हॅश काढा, कारण झिपचा हॅश आणि आतल्या मालाचा हॅश यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

उंटावरचा शहाणा | शनिवार, संध्या. ५:२०

एमडी५? अजून? २००४ सालीच श्याओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी५च्या टकरी काढून दाखवल्या. आज साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फाईली बनवता येतात. एसएचए-१ची तीच गत: फेब्रुवारी २०१७मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआयने एकच एसएचए-१ असलेल्या दोन पीडीएफ जगापुढे ठेवल्या. आणि इथे आपण ‘तपास’ वगैरे शब्द वापरून त्याच गंजक्या कुलपाची शिफारस करतोय.

चष्मिष्ट | शनिवार, संध्या. ५:५१

@उंटावरचा शहाणा, माहिती बरोबर, निष्कर्ष घाईचा.

टक्कर काढणं म्हणजे दोन्ही फाईली आपणच, आपल्या सोयीने, एकमेकींशी जुळतील अशा घडवणं. तुम्ही म्हणता त्या दोन्ही पीडीएफ एकाच हाताने बनवलेल्या होत्या, आणि तेवढ्यासाठीसुद्धा सुमारे ६,५०० सीपीयू-वर्षं आणि ११० जीपीयू-वर्षं इतकं गणित लागलं. पण आधीपासून जगात असलेली, दुसऱ्याने बनवलेली फाईल घ्या आणि तिच्याशी हॅश जुळेल अशी नवी फाईल बनवून दाखवा. हा निराळा डोंगर आहे. एमडी५वर त्या दिशेचा सर्वात चांगला ज्ञात हल्ला कागदावर दोनाचा १२३वा घात एवढी मेहनत मागतो. म्हणजे प्रत्यक्षात नाहीच.

धागाकर्तीची केस बघा. तिच्या भाषांतराची फाईल योगायोगाने विंडोजच्या डीएलएलशी एमडी५ने जुळेल? त्याची वाट बघत बसलात तर डिस्क आधी गंजेल.

पण समोर लबाड माणूस असेल तर तुमचं म्हणणं खरं आहे, ते मान्य करतो. तो आधीच जोडी घडवेल: एक सोज्वळ फाईल, एक कारस्थानी, दोघींचा एमडी५ एक. सोज्वळ फाईल ओळखीच्या यादीत शिरवली की दुसरीला फुकटात पास मिळाला. २०१२मध्ये उघडकीला आलेल्या ‘फ्लेम’ या हेरगिरी करणाऱ्या व्हायरसने अशीच एमडी५ची टक्कर वापरून मायक्रोसॉफ्टचं वाटेल असं प्रमाणपत्र तयार केलं होतं. म्हणून तर तिन्ही हॅश काढायला सांगितले. जिथे एसएचए-२५६ मिळतो तिथे त्यावरच जुळवा, उरलेल्यांसाठी जुने.

उंटावरचा शहाणा | शनिवार, संध्या. ६:०८

‘मान्य करतो’ एवढं स्क्रीनशॉट काढून ठेवलंय. बाकी चालू द्या.

बाराखडी | शनिवार, रात्री ८:४५

माझा ढ प्रश्न. मी एक टेक्स्ट फाईल सर्व्हरवर टाकली, परत उतरवली, उघडून शेजारी शेजारी ठेवून पाहिली. अक्षर न् अक्षर तेच. तरी हॅश निराळा! मग हॅशवर भरवसा कसा ठेवायचा?

तळटीप | शनिवार, रात्री ९:१५

@बाराखडी, ढ अजिबात नाही, या खड्ड्यात सगळे एकदा पडतात. विंडोजमध्ये ओळ संपते तिथे दोन बाइट असतात, युनिक्समध्ये एकच. एफटीपी टेक्स्ट मोडमध्ये असेल तर तो जाता-येता हे बदलून ठेवतो. तुमच्या डोळ्यांना अक्षरं दिसतात, हॅशला बाइट दिसतात. फाईलचा आकार बघा: ओळी जितक्या, साधारण तितक्याच बाइटांचा फरक निघेल. फाईलच्या तोंडाशी युनिकोडची खूण म्हणून तीन बाइट चिकटले तरी हेच होतं.

आणि बदल किती लहान यावर हॅशमधला फरक ठरत नाही. एक बिट उलटलं तरी हॅशची साधारण निम्मी बिट्स फिरतात. म्हणून दोन हॅश ‘जवळजवळ सारखे’ असं कधी म्हणता येत नाही. एकतर तेच, नाहीतर वेगळे.

अवांतर: गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) दिसणारा फाईलचा एसएचए-१ आणि आपण हाताने काढलेला एसएचए-१ कधीच जुळत नाही, कारण गिट आधी ‘ब्लॉब’ हा शब्द आणि फाईलचा आकार पुढे जोडतं आणि मग हॅश काढतं. यावर मी एक अख्खी दुपार घालवली आहे, म्हणून सांगतो.

तळटीप | शनिवार, रात्री ९:३०

या विषयावरचा माझा आवडता किस्सा राहिला. एका ठिकाणी (नाव नको) बाहेरून तपासणी करून घेतली. अहवालात ठळक ओळ: ‘या संगणकावर अमुक अमुक पासवर्ड फोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ३७ फाईली आढळल्या, हॅश पूर्ण जुळतो.’ ज्याचं मशिन होतं तो बिचारा पांढराफटक. मी हॅश पाहिला. सदतिसांचा एकच, आणि सुरुवात ‘डी४१डी८सीडी९’.

ज्यांनी चार-दोन वर्षं हॅश चाळलेत ते इथेच हसले असतील. तो रिकाम्या फाईलचा एमडी५ आहे. शून्य बाइट. जगातल्या प्रत्येक रिकाम्या फाईलचा हाच. त्या सॉफ्टवेअरच्या पॅकेजमध्येही कुठेतरी एक रिकामी फाईल होती, झालं. रिकाम्याचा एसएचए-१ ‘डीए३९ए३ईई’ने आणि एसएचए-२५६ ‘ई३बी०सी४४२’ने सुरू होतो. भिंतीवर लिहून ठेवा.

रिकामी फाईल हे टोकाचं उदाहरण झालं. एका पिक्सेलएवढं चित्र, जीपीएल परवान्याची प्रत, झेडलिबची एखादी डीएलएल, या शेकडो प्रॉडक्टांमध्ये जशाच्या तशा असतात. हॅश जुळला म्हणजे ‘ही फाईल त्या प्रॉडक्टमध्येही असते’ एवढंच कळतं. ‘ते प्रॉडक्ट इथे होतं’ म्हणायचं तर फक्त त्याच्यातच सापडणाऱ्या फाईली दाखवाव्या लागतात.

चष्मिष्ट | शनिवार, रात्री ९:४१

+१. आरडीएसमध्ये ‘प्रॉडक्ट’चा रकाना दिसला की लोक तो अंतिम सत्य म्हणून वाचतात.

अर्धविराम | सोमवार, सकाळी ७:५०

अहवाल देते. हॅश काढायला रविवारची सकाळ गेली. आपापसातल्या जुळ्या काढल्यावर ३,१२,४८०च्या १,९४,६०० उरल्या. आरडीएसशी जॉइन केल्यावर ७१,९०० जुळल्या. उरल्या १,२२,७००. विंडोजबरोबर येणारे नमुन्याचे फोटो, वॉलपेपर, सगळे आयकॉन झटक्यात गेले, ते पाहून फार बरं वाटलं.

पण एक कोडं. न जुळलेल्यांत हजारो डीएलएल आणि ईएक्सई आहेत, आणि मी तर घरचं काही लिहिलेलं नाही. एकीच्या प्रॉपर्टीमध्ये पाहिलं: कंपनी, आवृत्ती, मूळ नाव, सगळं व्यवस्थित. साधी, सगळ्यांच्या मशिनवर असणारी डीएलएल. आरडीएसमध्ये त्या नावाच्या, त्या आवृत्तीच्या प्रॉडक्टची नोंदही आहे. हॅश मात्र वेगळा! तिथला आकार २,०९,४०८ बाइट, माझ्याकडे २,१२,९९२. मशिनला व्हायरस होता की काय? झोप उडाली.

चष्मिष्ट | सोमवार, सकाळी ८:२०

झोपा निवांत. तुमच्या दोन आकड्यांतच उत्तर आहे.

विंडोज डिस्कवर जागा देते ती सहसा ४,०९६ बाइटांच्या क्लस्टरांत (ठरावीक आकाराच्या खणांत). २,०९,४०८ बाइटांना ५१ क्लस्टर पुरत नाहीत, ५२ लागतात. ५२ गुणिले ४,०९६ किती? बरोबर २,१२,९९२. म्हणजे फोटोरेकला फाईलची सुरुवात सापडली, शेवट नक्की कुठे ते कळलं नाही, आणि त्याने शेवटचा क्लस्टर पुरता उचलला. मागचे ३,५८४ बाइट तुमच्या फाईलचे नाहीतच. त्या जागी जे काही पडलं होतं ते शेपटीसारखं चिकटून आलं. फाईलसिस्टम शाबूत असती तर आकार तिच्यातून कळला असता.

आता गंमत. आरडीएसमध्ये नाव आणि आकार दोन्ही आहेत. डीएलएलच्या आत मूळ नाव लिहिलेलं असतं. ते वाचा, आरडीएसमध्ये त्या नावाच्या नोंदींचे जेवढे निरनिराळे आकार आहेत तेवढे घ्या, तुमच्या फाईलचे पहिले तेवढे बाइट कापा आणि हॅश काढा. जुळला तर शंकेला जागा उरली नाही: आपण कितीही ठिकाणी कापून पाहिलं तरी चुकीच्या ठिकाणी कापून हॅश जुळणार नाही. आधी या एका फाईलवर करून बघा.

अर्धविराम | सोमवार, सकाळी ८:५८

पहिले २,०९,४०८ बाइट कापले. एसएचए-१ जुळला!!! चाळिसच्या चाळीस अक्षरं. ऑफिसला उशीर झालाय पण मी खुर्चीतच नाचतेय.

बाराखडी | सोमवार, सकाळी ९:१२

वाचनखूण साठवली. आणि हे मला समजलं, याचा जास्त आनंद.

उंटावरचा शहाणा | सोमवार, सकाळी १०:३०

छान युक्ती, मानलं. पण तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या फाईलींना ती लागू नाही. फोटोरेक सलग उचलतं, मधलाच तुकडा दुसऱ्या कुणाचा असेल तर शेपूट कापून काय उपयोग? त्या तशाच ‘अनोळखी’ राहणार.

चष्मिष्ट | सोमवार, सकाळी १०:४४

अगदी. तिथे फाईलचे ठरावीक लांबीचे तुकडे करून प्रत्येकाचा हॅश काढतात. पण आरडीएसची नेहमीची यादी अख्ख्या फाईलींची आहे, तेव्हा तुकडे जुळवायला स्वतःकडे मूळ सॉफ्टवेअर हवं. या कामासाठी तेवढी खटपट नको.

पहारेकरी | सोमवार, दुपारी १:०५

मी कंपनीत सिक्युरिटीचं काम बघतो. एका गोष्टीची भीती वाटते म्हणून मध्ये पडतोय. वर बऱ्याच जणांनी ‘ओळखीची’ हा शब्द ‘चांगली’ या अर्थाने वाचल्यासारखं वाटतंय. आमच्याकडेही एका साहेबांनी फर्मान काढलं होतं की आरडीएसमधलं सगळं चालू द्या, बाकी अडवा.

आरडीएस म्हणजे सज्जनांची यादी नव्हे. तिच्यात पासवर्ड फोडणारी हत्यारं आहेत, चित्रात मजकूर दडवणारी आहेत, कळफलकावर पाळत ठेवणारीही आहेत, कारण तीही विकली किंवा वाटली गेलेली सॉफ्टवेअरंच. ग्रंथालयात पुस्तक आहे म्हणजे ग्रंथपालाला ते पटतं असं थोडंच.

आणि अधिकृत फाईलही बिघडलेली असू शकते. २०१७मध्ये सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्याच सर्व्हरवरून, कंपनीच्याच सहीनिशी, आत मागचा दरवाजा घेऊन महिनाभर वाटली गेली. २०२४मध्ये लिनक्सवर फाईली आवळणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांचं तेच. तिथे तर विष कालवण्याचा शेवटचा भाग फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या बांधलेल्या गठ्ठ्यात) होता, गिटच्या भांडारात नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिन (दूरच्या मशिनवर शिरणं) अर्ध्या सेकंदाने रेंगाळतंय हे खटकलं म्हणून सापडलं. या दोन्ही वेळी तुम्ही हॅश ताडून पाहिला असता तर तो तंतोतंत जुळला असता.

नांगरट | सोमवार, दुपारी १:४०

म्हणजे डाउनलोडच्या पानावर दिलेला हॅश तपासणं हा वेळेचा अपव्ययच का?

पहारेकरी | सोमवार, दुपारी २:०३

नाही, पण तो काय पकडतो ते ओळखून तपासा. डाउनलोड अर्धवट तुटलं, मिररवर कुणी हात मारला, हे पकडतो. पण हॅश आणि फाईल दोन्ही एकाच साइटवर असतील आणि साइटच दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर फाईल बदलणारा हॅशही बदलेल. फेब्रुवारी २०१६मध्ये लिनक्स मिंटची साइट फोडून लोकांना मागचा दरवाजा असलेल्या आयएसओकडे वळवलं गेलं होतं. म्हणून हॅशच्या यादीवर डिजिटल सही असते, आणि ती तपासायची किल्ली दुसऱ्या वाटेने, शक्यतो आधीपासून, आपल्याकडे असावी.

तळटीप | सोमवार, दुपारी २:३०

यात आणखी एक फाटा. काही इन्स्टॉलर दर डाउनलोडला निराळा हॅश देतात, आणि लोक घाबरून धागे काढतात. विंडोजची सही अख्ख्या फाईलवर नसते. चेकसम आणि खुद्द सही जिथे ठेवतात तो भाग सोडून बाकीच्यावर असते. काही कंपन्या त्या सोडलेल्या भागात ‘हा ग्राहक कुठल्या जाहिरातीवरून आला’ अशी खूण खुपसतात. सही वैध राहते, फाईलचा हॅश बदलतो. अशा इन्स्टॉलरची एक प्रत आरडीएसमध्ये असली तरी तुमची प्रत जुळणार नाही.

पहारेकरी | सोमवार, दुपारी २:४१

आणि उलट बाजूही तशीच लंगडी. वाईट फाईलींच्या हॅशची यादी ठेवून अडवू म्हणाल, तर चोर शेवटी एक बाइट जोडतो आणि नवाकोरा होतो. चालणाऱ्या ईएक्सईच्या मागे फालतू बाइट जोडले तर ती बहुधा तशीच चालते. हॅशची यादी गवताची गंजी हलवायला उत्तम. सुई कुठली ते ती सांगत नाही.

नांगरट | सोमवार, दुपारी ३:१५

लिनक्सवाल्यांसाठी: अशी यादी तुमच्या मशिनवर आधीच आहे. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजच्या फाईलींचे एमडी५ डीपीकेजीच्या माहिती-फोल्डरात पडलेले असतात, डेबसम्स ते ताडून दाखवतं. आरपीएमवाले पडताळणीचा पर्याय द्या. ओळीत ‘५’ दिसला तर मजकूर बदललाय, आणि बाजूला ‘सी’ असेल तर ती कॉन्फिगची फाईल, बदलली तर नवल नाही. अर्थात ज्याच्या हाती रूट (मशिनचा पूर्ण ताबा) आहे तो याद्याही बदलू शकतो, त्यामुळे घुसखोरीचा संशय असेल तर दुसऱ्या मशिनवरून तपासा.

बाय द वे, एवढ्या कोट्यवधी नोंदी धुंडाळायला मशिन केवढं लागतं?

चष्मिष्ट | सोमवार, दुपारी ३:५०

साधं पुरतं. यादी क्रमाने लावलेली असेल तर दहा कोटी नोंदींत एक हॅश शोधायला २७ तुलना. त्याहून हलकं हवं तर ब्लूम फिल्टर, म्हणजे यादीचा आटोपशीर सारांश. दहा कोटी एसएचए-१ नुसते ठेवायला दोन जीबी लागतात. हजारात एक चुकीचा ‘हो’ चालणार असेल तर ब्लूम फिल्टर १८० एमबीत बसतो. तो ‘नाही’ म्हणाला तर नक्की नाही, ‘हो’ म्हणाला तर मूळ यादीत खात्री करा. लक्झेंबर्गच्या सर्सिल या सायबर-सुरक्षा केंद्राची ‘हॅशलुकअप’ ही सेवा आहे, तिथे एकेक हॅश विचारताही येतो आणि असा फिल्टर उतरवूनही घेता येतो. गोपनीय काम असेल तर उतरवूनच घ्या. हॅश विचारणं म्हणजे ‘ही फाईल माझ्याकडे आहे’ असं परक्याला सांगणंच.

अर्धविराम | गुरुवार, रात्री १०:२५

पुढचा हप्ता. शेपटी कापण्याची स्क्रिप्ट भाच्याकडून लिहून घेतली, आणखी वीसेक हजार गेल्या. उरलेल्यांतून फक्त डॉक, डॉकएक्स, आरटीएफ आणि झिप घेतल्या तर संख्या नऊ हजारांवर आली. नऊ हजार मी उघडू शकते!

एक अडचण: एकेका भाषांतराच्या दहा-दहा आवृत्त्या, आणि हॅश अर्थातच सगळ्यांचे निराळे. ‘साधारण सारख्या’ एकत्र करता येतात का?

चष्मिष्ट | गुरुवार, रात्री १०:५२

त्यासाठी वेगळी जात आहे. जेसी कॉर्नब्लम यांचं एसएसडीप, २००६चं. ते फाईलचे मजकुरानुसार तुकडे पाडतं आणि दोन फाईली किती सारख्या ते शून्य ते शंभरात सांगतं. पण डॉकएक्स ही आतून झिप असते. एक वाक्य बदललं तरी आवळलेले बाइट पार बदलतात. म्हणून आधी मजकूर बाहेर काढा, मग त्यावर चालवा.

अर्धविराम | रविवार, सकाळी ११:४०

सापडलं बहुतेक सगळं. सगळ्यांचे मनापासून आभार. पण एक भलतंच हाती लागलंय, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक झिप मिळाली. झिपच्या आत नावं आणि तारखा असतात, त्यामुळे लगेच ओळखली: एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी हेल्पची पानं भाषांतरित केली होती, ती पाठवताना बांधलेली झिप. आत १४ एचटीएमएल फाईली. चष्मिष्ट यांनी सांगितल्याप्रमाणे आतल्यांचेही हॅश काढले आणि सवयीने जॉइन मारला. चौदापैकी बारा आरडीएसमध्ये निघाल्या! माझ्या! प्रॉडक्टच्या रकान्यात तेच सॉफ्टवेअर.

आता मागची गोष्ट. त्या कंपनीने तेव्हा ‘भाषांतरात सर्वत्र दुरुस्त्या कराव्या लागल्या’ म्हणून माझे तीस टक्के पैसे कापले होते. मी गप्प बसले, कारण दाखवायला काही नव्हतं. बारा फाईली बाजारात गेल्या त्या मी पाठवल्या तशाच. स्वल्पविरामही न हलवता.

उंटावरचा शहाणा | रविवार, दुपारी १२:०५

थांबा. ते सॉफ्टवेअर तुमच्या मशिनवर बसवलेलं असेल आणि ही त्याचीच पानं असतील.

अर्धविराम | रविवार, दुपारी १२:१४

कधीच बसवलं नव्हतं, माझ्या मशिनवर चालतच नसे. आणि झिपमधल्या तारखा ती आवृत्ती बाजारात येण्याच्या पाच आठवडे आधीच्या आहेत.

तळटीप | रविवार, दुपारी १२:२०

तारीख कुणीही बदलू शकतं, पण ती खरी असेल तर मुद्दा पक्का: बाजारात न आलेल्या फाईली आधीच झिपमध्ये भरता येत नाहीत. पाठवलेली मेल सापडली तर सोन्याहून पिवळं. शोधा.

उंटावरचा शहाणा | रविवार, दुपारी १२:३१

ठीक, बारा मान्य. पण उरलेल्या दोनमध्ये किती बदल झाला ते हॅश सांगणार नाही. तिथे पानंच्या पानं बदलली असतील.

अर्धविराम | रविवार, दुपारी १२:३८

असतील. पण ‘सर्वत्र’ म्हणाले होते ना? पैसे चौदाच्या चौदा फाईलींचे कापले होते.